नवा टर्बो बसवलाय? सेल्फ मारण्याआधी त्याला तेल पाजा

गाळप हंगाम तोंडावर आला की मराठवाड्यातल्या गॅरेजांत एकच घाई उडते. उसाचे ट्रक, हार्वेस्टर, मुरूम वाहणारे टिप्पर, सगळ्यांना दसऱ्याच्या आत रस्त्यावर यायचं असतं. त्या घाईत टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग) बदलला जातो, शेवटचा नट आवळला जातो आणि मालक मागून म्हणतो, "मिस्त्री, मारा की सेल्फ आता." तो सेल्फ तसाच मारला तर नवा कोरा टर्बो पहिल्या अर्ध्या मिनिटातच जखमी होतो. वाईट म्हणजे ते लगेच कळत नाही. इंजिन चालू होतं, पिकअप येतो, मालक पैसे चुकते करून जातो आणि काही दिवसांनी निळा धूर अन् कर्कश शिट्टी घेऊन परत येतो. मग टर्बो डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण सुरू. पुष्कळदा टर्बोत काहीच खोट नसते. त्याला वेळेवर तेल मिळालेलं नसतं, एवढंच.

हा लेख गॅरेजात नव्याने हात काळे करणाऱ्या पोरांसाठी आहे. स्वतःच्या गाडीजवळ उभं राहून काम करून घेणाऱ्या मालकांनाही उपयोगी पडेल.

तेलाशिवाय काय होतं

टर्बोच्या एका टोकाला एक्झॉस्टच्या गरम वायूवर फिरणारा पंखा, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारा पंखा आणि दोघांना जोडणारा एक शाफ्ट. हा शाफ्ट पूर्ण लोडवर मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतो, छोट्या गाड्यांच्या टर्बोत त्याहूनही जास्त. इतक्या वेगात तो बेअरिंगला टेकलेला नसतोच. तो तेलाच्या थरावर तरंगतो आणि तो थर केसापेक्षा बारीक असतो. तेलाला दुसरंही काम असतं: एक्झॉस्टच्या बाजूने येणारी धग वाहून नेणं.

तेल येतं इंजिनच्या मेन गॅलरीतून (इंजिनभर तेल वाटणाऱ्या मुख्य वाटेतून), बारीक पाईपने, प्रेशरखाली. परत जातं मात्र प्रेशरशिवाय, जाड पाईपने, आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठतं तिथे. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

टर्बो बदलताना पाईप रिकामा होतो, टर्बोचं पोट कोरडं असतं, बरोबरीने फिल्टर बदलला असेल तर तोही रिकामा. इंजिन पेटल्यावर ऑइल पंपाने आधी फिल्टर भरायचा, मग गॅलरी, मग पाईप आणि सगळ्यात शेवटी टर्बो. शाफ्ट मात्र पहिल्या धुरासोबतच फिरायला लागतो. इंजिन नुसतं आयडलवर (रेस न देता) असलं तरी त्याच्या फेऱ्या हजारांत असतात. विहिरीवरच्या मोनोब्लॉकमध्ये पाणी भरल्याशिवाय आपण मोटार चालू करत नाही, तसंच हे. फरक इतकाच की कोरडा मोनोब्लॉक पाणी उचलत नाही म्हणून लगेच कळतं, कोरडा टर्बो मात्र गुपचूप काम करत राहतो आणि मरत राहतो.

पेटवण्याआधी असं तेल भरून घेणं म्हणजे प्रायमिंग. पुष्कळ ठिकाणी ते टर्बोच्या भोकात दोन थेंब तेल टाकणं, असं समजतात. ते अर्धंच काम. वरून ओतलेलं तेल पहिल्या काही सेकंदांपुरतं. पंपाचं तेल टर्बोपर्यंत येताना आपल्या डोळ्यांनी पाहिलं, तरच प्रायमिंग झालं.

आधी जुना टर्बो वाचा

नवा खोक्यातून काढायच्या आधी जुना हातात घ्या. हवेच्या बाजूच्या पंख्याची पाती कडेने झिजलेली किंवा चावल्यासारखी दिसत असतील, तर धूळ किंवा काहीतरी कठीण वस्तू आत गेली आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ पिठासारखी उडते. एअर क्लिनरची क्लिप ढिली असेल किंवा होजला चीर असेल तर ती धूळ थेट पंख्यावर. शाफ्ट निळा-काळा पडलेला असेल तर तेल कमी पडलं किंवा गरम इंजिन खाडकन बंद केलं गेलं. बेअरिंगवर गोल ओरखडे असतील तर तेल घाण होतं.

कारण सापडल्याशिवाय नवा टर्बो बसवला, तर तोही त्याच वाटेने जाणार. मालक घाई करतो, करू द्या. त्याला जुना पंखा हातात देऊन दाखवा, तो आपोआप थांबतो.

इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी) आणि त्याचे पाईप काढून बघितल्याशिवाय तर पुढे जायचंच नाही. जुन्या टर्बोने तेल टाकलं असेल तर ते इंटरकूलरच्या तळाशी साचलेलं असतं, कधी कधी कपभर. पाती तुटली असतील तर तुकडेही तिथेच. ते तेल इंजिनने ओढलं तर डिझेल इंजिन त्याच्यावरच पळायला लागतं. किल्ली काढा, डिझेल पंप बंद करा, ऐकत नाही. रेस वाढतच जाते. असं झालंच तर हवा बंद करणं हाच उपाय: एअर इनटेकच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरायची. हात लावायचा नाही, चिंधी कोंबायची नाही, दोन्ही आत ओढली जातात. गिअरची गाडी असेल आणि आत माणूस बसलेला असेल तर वरचा गिअर, ब्रेक दाबून क्लच सोडायचा, इंजिन गुदमरतं. पहिल्यांदा चालू करताना एक फळी हाताशी ठेवाच.

पाईप, वायसर आणि तेल

तेल आणणारा बारीक पाईप एक्झॉस्ट मॅनिफोल्डला खेटून जातो. वर्षानुवर्षं तापून त्याच्या आतल्या तेलाचा कोळसा होतो. बाहेरून पाईप ठणठणीत दिसतो. आडवा धरून फुंकर मारली तर हवाही जाते. पण आतलं भोक निम्मं झालेलं असतं आणि तार घालून साफ केलं तर सुटलेल्या खपल्या नव्या बेअरिंगमध्ये जातात. नवा पाईप घ्या. त्याची किंमत टर्बोच्या पासंगालाही पुरत नाही. बँजो बोल्ट (पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) काढून त्याचं भोक उजेडाकडे धरून बघा. काही इंजिनांत त्या बोल्टात किंवा पाईपच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती चोंदलेली असेल तर बाकी सगळं काम व्यर्थ. तांब्याचे वायसर नवेच लावा.

परतीचा जाड पाईपही उघडून बघा. त्याला कुठे पिचका, कुठे आडवी घडी नको. तेल फक्त वजनावर उतरतं, त्यामुळे वाटेत अडथळा आला की ते टर्बोत साचतं आणि सीलमधून बाहेर पडतं. इंजिनचा ब्रीदर (चेंबरमधली हवा बाहेर सोडणारी नळी) चोंदला असेल तरी हेच होतं, कारण चेंबरमधला दाब तेलाला खाली येऊ देत नाही. नवा टर्बो तेल टाकतोय अशी तक्रार आली की मी आधी ब्रीदर बघायला सांगतो.

दोन्ही तेलाच्या तोंडांवर सिलिकॉन किंवा शेलॅक लावायचं नाही. बाहेर निघालेला लगदा आतही निघालेला असतो. तो सुटून बारीक भोकात अडकतो. जे पॅकिंग आलं असेल तेच, कोरडं लावा.

तेल आणि फिल्टर बदलूनच टर्बो बसवा. ग्रेड कंपनीच्या पुस्तकात दिलेला. जुन्या ट्रक-ट्रॅक्टरला साधारणपणे १५डब्ल्यू-४० चालतं. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाडीत मात्र कमी राखेचं, पुस्तकात लिहिलेलंच तेल टाका. तिथे "कोणतंही चांगलं तेल" हे उत्तर चालत नाही. फिल्टर उभा बसत असेल तर आधी तेलाने भरून लावा, पंपाचं तेवढं काम वाचतं.

टर्बोच्या पोटात तेल

टर्बो खोक्यातून काढताना ॲक्च्युएटरच्या (टर्बोचा हवेचा दाब ताब्यात ठेवणाऱ्या डबीच्या) दांडीला धरून उचलायचा नाही. तिची सेटिंग कंपनीतून झालेली असते. दांडीचा नट फिरवून "बूस्ट वाढवतो" म्हणणाऱ्याला गाडीपासून लांब ठेवा. प्लास्टिकची झाकणं पाईप लावायच्या क्षणापर्यंत काढू नका आणि लावताना एकही झाकण आत राहिलं नाही हे मोजून बघा.

हवेच्या बाजूचा पंखा बोटाने फिरवा. मोकळा फिरला पाहिजे, कुठे घासता कामा नये. शाफ्टला पुढे-मागे ढकलून बघा, खेळ बोटाला जवळपास जाणवत नाही. वर-खाली मात्र कोरड्या टर्बोत थोडा हलतो. नवखी पोरं इथे घाबरतात आणि टर्बो परत करायला निघतात. ती जागा तेलासाठीच ठेवलेली असते. पंखा कडेला टेकत नसेल तर काळजी नाही.

आता टर्बो मॅनिफोल्डवर बसवून नट आवळा. पॅकिंगची जागा आधी नीट खरवडून घ्या, खरवडलेला कोळसा आत पडू देऊ नका. पाणी फिरणारा टर्बो असेल तर तेही पाईप जोडा. तेलाचे दोन्ही पाईप अजून लावायचे नाहीत.

सुई नसलेली मोठी सिरिंज किंवा स्वच्छ ऑइल कॅन घ्या. इंजिनमध्ये टाकलं तेच नवं तेल. गंजलेल्या डब्यातलं, कालचं उरलेलं नको. वरच्या बारीक भोकात तेल सोडा आणि दुसऱ्या हाताने पंखा हळूहळू फिरवत राहा. पातीला धरून फिरवा, मधल्या नटाला पाना लावू नका. ट्रकच्या टर्बोला पन्नास-साठ मिली पुरतं, छोट्या गाडीला त्याहून बरंच कमी. थोडं तेल, दोन-चार फेऱ्या, पुन्हा थोडं तेल. तेल बेअरिंगमध्ये पसरलं की बोटाला फरक कळतो: मघाशी सुळकन फिरणारा पंखा आता जरा जड, मऊ फिरतो आणि शाफ्टची ती वर-खाली हालचालही कमी होते. खालच्या तोंडातून तेल ठिबकायला लागलं की थांबा. भसाभसा ओतत बसलात तर जादा तेल सीलवरून पंख्याकडे जातं आणि नंतर धूर करतं.

ग्रीस लावायचं नाही, कोणतंही ॲडिटिव्ह टाकायचं नाही. ग्रीस त्या बारीक वाटेत अडकतं आणि मागून येणाऱ्या तेलालाच आडवं येतं.

पेटू न देता सेल्फ

आता खरं प्रायमिंग. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बॅटरी भरलेली. रेडिएटरच्या पंख्याच्या पट्ट्याजवळ कोणाचा गमछा लोंबत नाही ना, बघा. इंजिन फिरवायचं आहे, पण पेटू द्यायचं नाही.

जुन्या डिझेल पंपाच्या गाडीत हे सोपं. इंजिन बंद करायची स्टॉप वायर ओढून बांधून ठेवा किंवा पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढा. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या नव्या) गाडीत इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवतात. नंतर स्कॅनरवर फॉल्ट दिसतील, ते पुसून टाकायचे. हे कंपनीनुसार बदलतं, म्हणून त्या गाडीची सर्व्हिस माहिती बघूनच करा. डिझेलचा कॉक बंद करण्याचा शॉर्टकट घेऊ नका, पंप कोरडा फिरतो आणि पुढे हवा काढण्याचं काम वाढतं. कॉमन रेलचा हाय प्रेशर पाईप तर चुकूनही ढिला करायचा नाही. तिथलं प्रेशर हजार बारच्या वर जातं, डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते आणि थेट दवाखाना गाठावा लागतो. पेट्रोल टर्बो असेल तर फ्युएल पंपाचा फ्यूज काढला की काम भागतं.

बारीक पाईप इंजिनकडे लावा आणि त्याचं टर्बोकडचं तोंड एका स्वच्छ बाटलीत धरा. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने बाटलीकडे बघायचं. दहा ते पंधरा सेकंद सेल्फ, मग मिनिटभर विश्रांती. सलग मारत राहिलात तर सेल्फ मोटार तापते आणि बॅटरीही बसते. पहिल्यांदा नुसती हवा फुसफुसते, मग फेसाळ तेल गुळण्या टाकत येतं, बुडबुडे असलेलं. इथेच बरेच जण "आलं, आलं" म्हणून थांबतात. थांबू नका. फेस संपून सलग धार लागली पाहिजे. परभणीकडच्या डिसेंबरच्या पहाटे तेल घट्ट असतं, तेव्हा दोन-तीन खेपा जास्त लागतात. मे महिन्यात लवकर येतं.

चार-पाच खेपांनंतरही धार येत नसेल तर सेल्फ मारत राहण्यात अर्थ नाही. तेलाची लेव्हल, फिल्टरचं सील, बँजो बोल्टची जाळी, चेंबरमधली तेल ओढणारी जाळी आणि शेवटी पंप, या क्रमाने शोधा. ही गोष्ट टर्बोला पाईप जोडायच्या आधी कळली, हा फायदाच.

धार आली की पाईप टर्बोला जोडा, वायसर लावून आवळा. परतीचा पाईप अजून उघडाच ठेवा आणि टर्बोच्या खालच्या तोंडाखाली डबा धरा. पुन्हा सेल्फ. आता तेल टर्बोतून आरपार जाऊन खाली पडताना दिसेल. ते दिसलं की परतीचा पाईप नव्या पॅकिंगसह लावा. हवेचे होज, क्लिपा, एअर क्लिनर सगळं जोडून घ्या. होज उघडा ठेवून इंजिन चालू करायचं नाही. उघडा पंखा चिंधी ओढतो, वायसर ओढतो आणि बोटही.

पहिली पेट

काढलेले कनेक्टर जोडा, तेलाची लेव्हल बघा. इंजिन चालू करा आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढून घ्या. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. "थोडी रेस दिली की विझेल" हा सल्ला देणारा माणूस प्रत्येक गॅरेजात एक असतोच.

तीन ते पाच मिनिटं आयडल. तेवढ्या वेळात टॉर्च घेऊन तेलाचे दोन्ही पाईप, पाणी असेल तर तेही, आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग बघा. मग इंजिनच्या फेऱ्या हळूहळू हजार-बाराशेपर्यंत न्या. सुरुवातीला सायलेन्सरमधून पांढरट-निळा धूर येईल. जुन्या टर्बोने टाकलेलं तेल तिथे साचलेलं असतं, ते जळतंय. रिकामी एक फेरी मारली की कमी होत जातो. लोडवर चांगली फेरी मारूनही निळा धूर तसाच राहिला, तर सायलेन्सर आणि इंटरकूलर साफ केले होते का ते आठवा, मग परतीचा पाईप आणि ब्रीदर. टर्बो पुन्हा खोलणं सगळ्यात शेवटी.

बारीक शिट्टी सगळेच टर्बो मारतात. रेस वाढवल्यावर ती एकसारखी चढली तर ठीक. ॲम्ब्युलन्ससारखी वर-खाली होणारी शिट्टी किंवा धातू घासल्याचा आवाज आला, तर बंद करून पंखा हाताने तपासा. हवा फुस्स करत असेल तर बहुतेक वेळा होजची क्लिप असते.

इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि तेलाची लेव्हल पुन्हा बघा. फिल्टर आणि पाईप भरल्यामुळे थोडी उतरलेली असते. पहिल्या दिवसाची फेरी झाली की, इंजिन गार असताना, एक्झॉस्टचे नट एकदा तपासा. तापून-थंड होऊन ते ढिले पडतात.

ड्रायव्हरला काय सांगायचं

मिस्त्रीचं काम कितीही नीट असलं तरी गाडी ड्रायव्हरच्या हातात जाते. त्याला दोनच गोष्टी सांगा. चालू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून निघायचं. आणि बंद करताना घाई नको. भरलेली गाडी मांजरसुंब्याचा घाट चढून वर आली, समोर हॉटेल दिसलं आणि ड्रायव्हरने तशीच किल्ली काढली, तर तेलाचं येणं थांबतं. एक्झॉस्टची बाजू मात्र लालसर तापलेली असते. आत अडकलेलं तेल तिथेच भाजून कोळसा होतं. दोन मिनिटं आयडलवर ठेवून बंद केली की टर्बोचं आयुष्य वाढतं. सावकाश सपाट रस्त्याने आली असेल तर इतकं थांबायचीही गरज नाही.

उभ्या राहिलेल्या मशिनींचं वेगळं. हार्वेस्टर हंगाम संपला की पत्र्याच्या शेडखाली महिनोन्‌महिने उभं असतं. टर्बोतलं तेल निथळून गेलेलं असतं. खंडेनवमीला पूजा होते, हळद-कुंकू, लिंबू, नारळ आणि मग पोरं हौसेने सेल्फ मारून रेस ओढतात, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी. टर्बोच्या दृष्टीने नवा बसवून कोरडाच चालू केल्यासारखं झालं हे. पूजेच्या आदल्या दिवशी तेलाची लेव्हल बघून, स्टॉप वायर ओढून, पेटू न देता तीन-चार वेळा सेल्फ मारून घ्या. ऑइल गेजचा काटा हलला की मग पेटवा आणि पाच मिनिटं आयडलवर सोडा. फिल्टर बदलला असेल किंवा इंजिन खोललं असेल, तेव्हाही हेच करायचं. टर्बो नवा असो की जुना.